बोअरची मोटार सुरू होत नाही? वर काढण्याआधी हे तपासा

टाकी रिकामी, हिरवं बटण दाबून अंगठा दुखायला लागला, तरी मोटार ढिम्म. अशा वेळी घरातला पहिला निकाल ठरलेला: "मोटार जळाली." मग मेकॅनिकला फोन जातो, तो तीन-चार माणसं घेऊन येतो, दोनशे फुटांवरून मोटार वर निघते आणि अंगणात जोडून बघितली तर मस्त फिरते. दोष निघतो भिंतीवरच्या स्टार्टरच्या पेटीत, मोटारीला उचलायला जोर देणाऱ्या कंडेन्सरमध्ये. काढण्या-सोडण्याची मजुरी मात्र द्यावीच लागते, आणि वर-खाली करताना केबल केसिंगच्या (बोअरच्या तोंडातल्या पाइपच्या) काठावर घासते ते नुकसान वेगळं.

मोटारीला हात न लावता, पेटीजवळ उभं राहून खाली काय बिघडलंय याचा बराचसा अंदाज लागतो. त्यासाठी एक मल्टिमीटर हवा, जमलं तर क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून अँपियर मोजणारा), आणि थोडा धीर. पुढचं सगळं घरगुती १ ते १.५ एचपीच्या सिंगल फेज सबमर्सिबलबद्दल, म्हणजे पाण्यात बुडालेल्या मोटारीबद्दल आहे, जिची पेटी भिंतीवर असते आणि जिच्याकडे लाल, पिवळी, निळी अशी तीन तारांची चपटी केबल जाते. थ्री फेज आणि विहिरीवरचा मोनोब्लॉक पंप यांचं शेवटी बघू.

आधी जिवाचं. पेटी उघडण्यापूर्वी तिच्या मागचा एमसीबी किंवा मेन स्विच पाडा. पेटीवरचं लाल बटण दाबणं म्हणजे लाइट बंद करणं नव्हे. टायमर किंवा ऑटो स्विच लावला असेल तर मोटार आपोआप सुरू होऊ शकते, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. पायात कोरडी रबरी चप्पल असू द्या, ओल्या फरशीवर उभं राहून काम नको. मेन पाडल्यावरही कंडेन्सरमध्ये वीज साठलेली असते. बरेच जण त्याची दोन टोकं स्क्रू ड्रायव्हरने जोडून ठिणगी पाडतात. त्यात कंडेन्सरही खराब होतो आणि डोळ्यालाही धोका. होल्डरला दोन तारा जोडून त्यात जुना पिवळा साठ किंवा शंभर वॉटचा बल्ब लावा आणि त्या तारा कंडेन्सरच्या टोकांना दोन-चार सेकंद टेकवा. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही, म्हणून एखादा जुना बल्ब जपून ठेवावा. चालू लाइटवर मीटर लावायची सवय नसेल तर तेवढा भाग वायरमनकडून करून घ्या.

बटण दाबल्यावर नेमकं काय होतं?

मेकॅनिक फोनवर हाच प्रश्न विचारतो, आणि बहुतेक लोक "चालू होत नाही" एवढंच सांगतात. उत्तरं चार असू शकतात, आणि प्रत्येकाची वाट वेगळी.

काहीच होत नाही, आवाज नाही, अँपियर मीटरचा काटा जागचा हलत नाही: लाइट मोटारीपर्यंत पोचतच नाही. दोष पुरवठ्यात, पेटीत किंवा तुटलेल्या तारेत.

पेटी घूं करते, काटा शेवटाला जाऊन चिकटतो आणि काही सेकंदांत ओव्हरलोड (जास्त अँपियर गेले की लाइट तोडणारा स्विच) पडतो: मोटारीला लाइट मिळतेय, पण ती फिरत नाही. कमी व्होल्टेज, गेलेला कंडेन्सर किंवा जाम झालेला पंप.

बटण दाबताक्षणी एमसीबी किंवा ईएलसीबी (गळती झाली की लाइट तोडणारा स्विच) पडतो: शॉर्ट किंवा गळती.

चालू होते, पण थोड्या वेळात बंद पडते: हा बऱ्याचदा बिघाडच नसतो. ड्राय रन प्रिव्हेंटर आपलं काम करत असतो. दख्खनच्या काळ्या कातळात पाणी भेगा आणि सांध्यांमधून येतं, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत अर्धा तास उपसल्यावर बोअर बसते आणि पुन्हा भरायला वेळ घेते. प्रिव्हेंटर ते ओळखून मोटार तोडतो आणि ठरावीक वेळ सुरू होऊ देत नाही. दोन-तीन तास थांबून बघा. प्रिव्हेंटर काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, कोरडी चाललेली मोटार आतून भाजून निघते.

पुरवठा

पेटीतल्या व्होल्टमीटरचा काटा कुठे आहे ते बघा. काटा शून्यावर असेल तर आधी एमसीबी, मग किटकॅट फ्यूज, मग मीटरपासूनची तार. नुसत्या टेस्टरवर विसंबू नका. टेस्टर फक्त फेज दाखवतो. न्यूट्रल तुटला असेल तरी तो मजेत पेटतो. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून फेज-न्यूट्रल मोजा, मग फेज-अर्थिंग मोजा. दुसऱ्यात २३०च्या आसपास आणि पहिल्यात जवळजवळ काहीच नाही, असं आलं तर न्यूट्रल कुठेतरी सुटलाय. घरात थ्री फेज जोडणी असेल आणि काही दिवे मंद तर काही डोळे दिपवण्याइतके प्रखर झाले असतील तर तोच प्रकार, फक्त जास्त धोक्याचा. तेव्हा मेन पाडून महावितरणला १९१२ वर कळवा.

व्होल्टेज आहे, पण किती? बटण न दाबता २२० दिसतं म्हणून समाधान मानू नका, दाबताना काटा कुठे जातो ते बघा. क्षणभर खाली जाऊन परत वर आला तर ठीक. १५०-१६०वर जाऊन तिथेच अडला तर मोटार उचलणार नाही. मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे २३०चे १६० झाले की जोर निम्म्याहूनही कमी उरतो. संध्याकाळी सगळ्या आळीच्या मोटारी एकदम चालू असतात तेव्हा हे होतं. पहाटे तीच मोटार एका बटणात सुरू होते. पहाटेही काटा तसाच कोसळत असेल तर मीटर ते पेटी या दरम्यानचा एखादा सैल, काळा पडलेला जोड शोधा. मात्र जाम झालेली मोटारही व्होल्टेज खाली ओढते, हे लक्षात असू द्या.

याच टप्प्यावर वरच्या टाकीतला फ्लोट स्विच किंवा लेव्हल कंट्रोलर तपासा. टाकीतला फ्लोट पाइपला अडकून 'टाकी भरली' असं सांगत राहतो आणि खाली आपण मोटारीला दोष देत बसतो. पेटी 'मॅन्युअल'वर टाकून बघा. तशी सोय नसेल तर मेन पाडून, फ्लोटच्या दोन तारा पेटीतून सोडवून, तात्पुरत्या एकमेकींना जोडून बघा. आपल्या फ्लोटची जोडणी अशी दोन तारांचीच आहे ना, याची आधी खात्री करा.

पेटी

मेन पाडून झाकण उघडलं की आधी नाकाने तपासा. जळका वास, काळवंडलेलं टर्मिनल, वितळलेलं प्लास्टिक असेल तर शोध तिथेच संपतो. मुंग्यांना आणि पालींना पेटीचं काय आकर्षण असतं कोण जाणे, पण कॉन्टॅक्टरच्या (बटण दाबल्यावर मोटारीला लाइट जोडणाऱ्या स्विचच्या) पॉइंटांमध्ये चिरडलेल्या मुंग्यांचा काळा थर बसतो आणि पॉइंट एकमेकांना टेकतच नाहीत. बटण दाबल्यावर 'खट्' होतं, पण पुढे काही नाही, तेव्हा हे नक्की बघा. कोरड्या ब्रशने साफ करा, तेलपाणी काही लावू नका, आणि केबल पेटीत शिरते ती तळाची भोकं पुट्टीने बुजवा.

ओव्हरलोडचं छोटं लाल बटण बाहेर आलं असेल तर पाच-दहा मिनिटं थांबून आत दाबा. तो गरम असताना दाबलं तर बसत नाही, आणि लोक म्हणतात ओव्हरलोडच खराब. एकदा दाबून बघा, फार तर दोनदा. पुन्हा पुन्हा दाबून मोटारीवर जबरदस्ती केली की साधा कंडेन्सरचा बिघाड खरोखरच जळालेल्या मोटारीत बदलतो.

आता कंडेन्सर. पेटीत साधारण दोन असतात. काळा, प्लास्टिकचा गोल डबा म्हणजे स्टार्टिंगचा. त्यावर १२०-१५० किंवा १५०-२०० मायक्रोफॅरड अशी रेंज छापलेली असते. दुसरा पांढरा किंवा अॅल्युमिनियमचा रनिंगचा; त्यावर ३६, ५० असा एकच आकडा आणि ४४० व्होल्ट लिहिलेलं असतं. अनेक पेट्यांमध्ये हिरवं बटण दाबून धरलं असेपर्यंतच स्टार्टिंगचा कंडेन्सर जोडलेला राहतो. म्हणून बटणाला नुसता स्पर्श करून सोडलं तर मोटार उचलत नाही, आणि दहा सेकंद दाबून धरलं तर तो कंडेन्सर फुटतो. दोन-तीन सेकंद पुरे.

फुगलेला, तेल गळालेला, टोपी उडालेला कंडेन्सर बघताच कळतो. वरून चांगला दिसणाराही आतून गेलेला असू शकतो. वर सांगितल्याप्रमाणे तो रिकामा करा, तारा कुठे होत्या त्याचा मोबाइलवर फोटो काढा, एक बाजू सोडवा आणि मल्टिमीटरच्या कंडेन्सर मोजायच्या रेंजवर बघा. रनिंगचा ५०चा असेल आणि ४५च्या खाली दाखवत असेल तर बदला. स्टार्टिंगचा छापलेल्या रेंजमध्ये यायला हवा. नवीन आणताना तेवढ्याच मायक्रोफॅरडचा आणि तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा आणा. दुकानदार "मोठा टाका, जोरात उचलेल" असं म्हणेल. रनिंगचा मोठा टाकला तर मोटार कायम जास्त गरम राहते.

घूं करणारी मोटार कंडेन्सर बदलल्यावर सुरू झाली, तर पुढचं वाचायची गरज नाही.

खाली गेलेल्या तीन तारा

पेटी ठीक, कंडेन्सर ठीक, तरी मोटार गप्प. मेन पाडा, मोटारीकडे जाणाऱ्या तिन्ही तारा पेटीतून सोडवा आणि मल्टिमीटर ओहमच्या सर्वांत खालच्या रेंजवर ठेवून दोन-दोन तारांमध्ये मोजा. तीन जोड्या, तीन आकडे. समजा लाल-निळ्यात ४, पिवळ्या-निळ्यात ९ आणि लाल-पिवळ्यात १२ ओहम आले. तर वाइंडिंग, म्हणजे मोटारीतली तारेची गुंडाळी, सलग आहे. सगळ्यात मोठा आकडा ज्या जोडीत आला, त्या जोडीत नसलेली तार म्हणजे कॉमन (रनिंग आणि स्टार्टिंग या दोन्ही वाइंडिंगना सामाईक), इथे निळी. कॉमनबरोबर कमी रोध दाखवणारी रनिंगची, जास्त दाखवणारी स्टार्टिंगची. लाल-पिवळ्यात दोन्ही वाइंडिंग एकामागोमाग येतात, म्हणजे चार आणि नऊ तेरा व्हायला हवेत, मग बारा का? कारण केबलचा स्वतःचा रोध दोन्ही मोजमापांत आलाय. २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची ६० मीटर केबल जाऊन-येऊन जवळपास ०.९ ओहम भरते. रंग उडालेल्या जुन्या केबलवर कोणती तार कोणती, हे याच हिशोबाने शोधतात. रंगांचा अर्थ मोटारीगणिक बदलतो, त्यामुळे शेजारच्या पेटीकडे बघून तारा जोडू नयेत.

एखादी तार इतर दोन्हींबरोबर काहीच दाखवत नसेल, म्हणजे मीटरवर अनंत रोध येत असेल, तर ती तार तुटलीय किंवा जोड सुटलाय. तिन्ही जोड्यांत जवळजवळ सारखा, एखाद-दुसऱ्या ओहमचा आकडा आला तर केबल चेपून तारा एकमेकींना लागल्यात किंवा वाइंडिंग जळालंय. पण अजूनही घाई नको. पेटीपासून बोअरच्या तोंडापर्यंतची केबल वेगळी आणि खाली सोडलेली वेगळी असते, आणि दोघींचा जोड बोअरपाशी टेप गुंडाळून उघड्यावर पडलेला असतो. पावसाळ्यात तो डबक्यात जातो, उंदीर कुरतडतात, फावडं लागतं. तो जोड सोडवून खालच्या केबलवर पुन्हा तीन आकडे घ्या. इथे आकडे बरोबर आले तर दोष अंगणातल्या पंधरा-वीस फूट वायरीत आहे, दोनशे फूट खाली नाही.

एमसीबी किंवा ईएलसीबी पडत असेल तर मेगर (तारांचं इन्सुलेशन तपासणारा मीटर) लागतो. तो वायरमनकडे असतो आणि घरी आणायला सांगण्यात लाजण्यासारखं काही नाही. साध्या मल्टिमीटरने गळती नेहमी सापडत नाही, कारण त्याचा दाब काही व्होल्टांचाच असतो. मेगर ५०० व्होल्टवर तपासतो. तिन्ही तारा सुटलेल्या ठेवून एक टोक तारेला, दुसरं अर्थिंगला लावायचं. केसिंग लोखंडी असेल तर तिलाही लावता येतं. केसिंग पीव्हीसीचं आणि पाइप काळा एचडीपीई असेल तर मात्र चांगली अर्थिंगच हवी, नाहीतर आकडा खोटा चांगला येतो. पाण्यात असलेल्या मोटारीला २ मेगाओमच्या वर आलं तर निश्चिंत व्हा. अर्ध्या मेगाओमच्या खाली आलं तर पाण्यातला जोड किंवा वाइंडिंग खराब होतंय. शून्याला टेकलं तर आता मोटार वर काढायला हरकत नाही.

जाम

आकडे सगळे बरोबर, व्होल्टेज बरोबर, कंडेन्सर नवा, आणि तरी घूं करून ओव्हरलोड पडतो. क्लॅम्प मीटर लावून बघा: १ एचपीची मोटार चालताना साधारण ७ ते ९ अँपियर घेते, नेमका आकडा नेमप्लेटवर असतो. अडकलेली मोटार त्याच्या तिपटी-चौपटीवर जाते. याचा अर्थ पंपात वाळू, क्षार किंवा गंज बसलाय. पावसाळ्यात नळाला मुबलक पाणी आलं म्हणून तीन-चार महिने न चालवलेल्या मोटारीला दिवाळीनंतर हेच होतं. अनुभवी मेकॅनिक स्टार्टिंगला क्षणभर जादा कंडेन्सर देऊन किंवा मोटार क्षणभर उलटी फिरवून जाम सोडवतो. दोन-तीन सेकंदांचे दोन-तीन झटके, मधे थंड होऊ देत. हे घरच्या घरी करायचं काम नव्हे. उलट्या फेऱ्यात जास्त वेळ ठेवली तर आट्यांचे जोड सैल होऊ शकतात. सुटली तर पाणी स्वच्छ येईपर्यंत चालवा. नाही सुटली तर वर काढणं आलंच. एरवी दर आठवड्याला पाच-दहा मिनिटं मोटार चालवत राहिलात तर ही वेळ सहसा येत नाही.

वर काढावीच लागली तर

मेन पाडा, तारा पेटीतून सोडवा, मगच ओढायला सुरुवात. केबलला धरून कधीही ओढू देऊ नका. वजन पाइपवर आणि दोरावर. मोटारीच्या डोक्याशी एनआरव्ही (पाणी मागे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) असतो, त्यामुळे पाइप पाण्याने भरलेलाच वर येतो. सव्वा इंची पाइप ६० मीटर असेल तर नुसतं पाणीच पन्नास किलोच्या जवळ जातं, म्हणून दोन माणसांत भागवायचा हट्ट नको. मोटार किती खोल होती ते पाइपावर खूण करून मोजून घ्या. काम चालू असताना बोअरचं तोंड क्षणभरही उघडं सोडू नका. पाना आत पडला तर बोअर गेली, आणि आसपास लहान मूल असेल तर बोलायलाच नको.

वर आल्यावर आधी केबलचा जोड बघा. टेपच्या आत पाणी, हिरवट पडलेलं तांबं, म्हणजे दोष सापडला. जोड कापून मोटारीच्या तारांवर पुन्हा ओहम आणि मेगर घ्या. मोटारीचे आकडे चांगले असतील तर वाइंडिंग उघडायचं कारण नाही. मग पंप आणि मोटार वेगळे करून दोन्हींचे शाफ्ट हाताने फिरवा. जो फिरत नाही तो जाम. जमिनीवर मोटार लावून बघायची झाली तर एक-दोन सेकंदच, आणि ती पायाखाली किंवा लाकडात घट्ट धरून, कारण सुरू होताना ती जोरात उसळी घेते. आत पाणी भरायच्या प्रकारची मोटार असेल (तेलाची नव्हे) तर आधी आत स्वच्छ पाणी भरलेलं हवं.

वाइंडिंग खरंच जळालं असेल तर रिवाइंडिंग तांब्याच्या तारेतच, आणि जुनी तार परत मागा. दिली नाही तर किंमतीतून वजा करायला सांगा. बॉडी गंजलेली, शाफ्ट खचलेला असेल तर एवढ्या छोट्या मोटारीच्या रिवाइंडिंगवर पैसे घालू नयेत, असं माझं मत.

नवा जोड करताना तिन्ही तारांचे जोड एका रेषेत नकोत, चार-चार बोटं पुढेमागे हवेत. आधी ताणून चिकटणारी रबरी टेप, तिच्यावर पीव्हीसी टेप. झाल्यावर तो जोड बादलीभर मिठाच्या पाण्यात बुडवून मेगर घ्यायला लावा. मेकॅनिक कुरकुरेल, पण दोन मिनिटांचं काम आहे.

थ्री फेज आणि विहिरीवरचा मोनोब्लॉक

सोसायटीच्या थ्री फेज मोटारीत आधी तिन्ही फेज आहेत का ते बघा. डीपीवरचा (ट्रान्सफॉर्मरवरचा) डीओ फ्यूज गेला किंवा जम्प, म्हणजे खांबावरचा तारेचा जोड, तुटला की एक फेज जातो, आणि फेजवर लक्ष ठेवणारा सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर मोटार सुरूच होऊ देत नाही. ते योग्यच आहे. महावितरणने लाइनवर काम केल्यानंतर लगेच हा त्रास सुरू झाला असेल तर फेजांचा क्रम उलटला असण्याची शक्यता मोठी. मेन पाडून येणाऱ्या तीनपैकी कोणत्याही दोन तारांची आपसात अदलाबदल केली की क्रम सरळ होतो. वाइंडिंगचे तिन्ही आकडे इथे सारखे यायला हवेत, ४-९-१२ असे नव्हेत.

कोकणात घराशेजारच्या विहिरीवर काठावर बसवलेला मोनोब्लॉक असतो. त्याचं निदान सोपं, कारण सगळं डोळ्यांसमोर. मेन पाडा, मागची जाळी काढा आणि पंखा हाताने फिरवा. फिरला नाही तर जाम. पावसाळाभर बंद राहिल्यावर इंपेलर गंजाने चिकटतो आणि हळूहळू मागेपुढे केल्यावर बहुतेक वेळा सुटतो. मोकळा फिरतो पण बटण दाबल्यावर नुसता घूं करतो, तर पाठीवरच्या डबीतला कंडेन्सर, किंवा काही मॉडेलमध्ये आतला सेंट्रिफ्यूगल स्विच. मोटार फिरते पण पाणी येत नाही, ही तक्रार फूट व्हॉल्व्हची (विहिरीत पाइपच्या तळाशी असलेल्या झडपेची). तिथे विजेचं काहीच शोधत बसू नका, पंपात पाणी भरून बघा.

मोटार पुन्हा चालू झाली की पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा: तारीख, चालताना व्होल्ट आणि अँपियर, तिन्ही तारांचे ओहम, मेगरचा आकडा, कंडेन्सरचे मायक्रोफॅरड, मोटारीची खोली. पुढच्या उन्हाळ्यात ८ अँपियर घेणारी मोटार त्याच व्होल्टेजला १० घ्यायला लागलेली दिसली, तर ती बंद पडण्याची वाट न बघता मेकॅनिकला बोलवा.